पदवीसाठी विमान

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला हवाई दलाने मिग-२१ विमानांना निरोप दिला. १९६३ पासूनची सेवा संपली. यातली बहुसंख्य विमाने आपल्या महाराष्ट्रात, नाशिकजवळच्या ओझरला बांधलेली. चीनच्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना मिगचा कारखाना ओझरला आला. मिग-२१ नंतर मिग-२७ आले, त्यानंतर सुखोई-३०. पन्नासहून अधिक वर्षे ओझरच्या शेडमधून जी लढाऊ विमाने बाहेर पडली, ती सगळी सोव्हिएत आणि नंतर रशियन आराखड्यांवरून बांधलेली.

हे आराखडे काढणारे लोक विमान बांधायला शिकले कुठे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. आमच्या भंडाऱ्याहून, तुमसर-साकोलीहून मुले नागपूर-पुण्याला अभियांत्रिकी शिकायला जातात. त्यातली काही विमान अभियांत्रिकीही घेतात. चार वर्षे गणिते सोडवतात, प्रकल्पाचा अहवाल बांधून घेतात, पदवी घेऊन बाहेर पडतात आणि बहुतेकांच्या हातून एकही उडणारी वस्तू घडलेली नसते. मिग आणि सुखोईच्या जनकांची गोष्ट नेमकी इथेच वेगळी पडते.

आर्तेम मिकोयान मॉस्कोच्या झुकोव्स्की हवाई दल अकादमीत शिकत होते, तेव्हा दोन सहाध्यायांना बरोबर घेऊन त्यांनी ‘ओक्त्याब्र्योनोक’ नावाचे चिमुकले विमान बांधले. इंजिन जेमतेम २५ अश्वशक्तीचे, म्हणजे आज आपल्या शेतात फिरणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरएवढे. ते विमान उडाले. पुढे १९३९ मध्ये मिखाईल गुरेविच यांच्यासोबत त्यांचा स्वतंत्र विमानरचना विभाग झाला आणि दोघांच्या आडनावांवरून ‘मिग’ हे नाव जगभर पोहोचले. ज्या सुखोई-२७ पासून आपले सुखोई-३० तयार झाले, त्या विमानाला आजचे रूप देणारे मिखाईल सिमोनोव कझानच्या विमान संस्थेतून १९५४ मध्ये पदवीधर झाले आणि विद्यार्थ्यांच्या हातून ग्लायडर बांधून घेत वर आले. आपल्या हवाई दलाचे मालवाहू एएन-३२ ज्या संस्थेचे, तिचे प्रमुख होते ओलेग अँतोनोव. त्यांनी तर १९२४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, सारातोव शहरात आपला पहिला ग्लायडर बांधून क्रिमियातल्या कोक्तेबेलच्या स्पर्धेला नेला. ग्लायडर म्हणावा तसा उडाला नाही. आराखड्याच्या वेगळेपणाबद्दल परीक्षकांनी अँतोनोवला प्रशस्तिपत्र मात्र दिले.

रशियात या वाटेची सुरुवात क्रांतीच्याही आधी झाली. मॉस्कोच्या तंत्रशाळेत प्राध्यापक निकोलाय झुकोव्स्की यांनी विद्यार्थ्यांचे एक हवाई मंडळ चालवले होते. त्या मंडळातल्या आंद्रेई तुपोलेव नावाच्या मुलाने हवेचा बोगदा उभारण्यात हात घातला आणि ग्लायडरही बांधला. हवेचा बोगदा म्हणजे पंख्याने जोरात वारा सोडून त्यात पंखाचा नमुना धरायचा आणि त्यावर किती बळ येते ते मोजायचे, अशी सोय. याच तंत्रशाळेत पुढे सर्गेई कोरोल्योव नावाचा विद्यार्थी आला. त्याच्या पदवीच्या प्रकल्पाचे मार्गदर्शक स्वतः तुपोलेव. प्रकल्प होता एसके-४ हे दोन आसनी हलके विमान. ते प्रत्यक्ष बांधले गेले, उडाले, आणि इंजिन बंद पडून कोसळलेही. वैमानिक वाचला. हेच कोरोल्योव पुढे स्पुतनिक आणि गागारिनच्या यानाचे मुख्य रचनाकार झाले.

पदवीचा प्रकल्प कपाटात न जाता धावपट्टीवर जायचा, हे या पद्धतीचे मर्म. १९३० मध्ये मॉस्को आणि खारकोव इथे स्वतंत्र विमान संस्था निघाल्या, दोन वर्षांनी कझानला निघाली, आणि विद्यार्थ्यांच्या या उपक्रमाला कार्यशाळा, साहित्य आणि पगारी मार्गदर्शक मिळाले. प्राध्यापक प्रमुख, विद्यार्थी आरेखक, आणि तेच विद्यार्थी कारागीरही. सर्वांत रसाळ प्रकरण खारकोवचे आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

खारकोवमध्ये कॉन्स्तान्तिन कालिनिन यांचा विमान विभाग आधीपासून होता. त्यांच्याकडे काम केलेले इओसिफ नेमन हे तरुण अभियंते नव्या संस्थेत शिकवायला आले. त्यांनी विद्यार्थ्यांपुढे काम ठेवले ते प्रवासी विमानाचे, आणि अट घातली वेगाची. विद्यार्थ्यांच्या गटाने काढलेले खाई-१ (खाई म्हणजे खारकोव विमान संस्था) हे लाकडी विमान ८ ऑक्टोबर १९३२ रोजी उडाले. वैमानिक होते बोरिस कुद्रिन. सहा प्रवासी, ४८० अश्वशक्तीचे एम-२२ इंजिन, आणि वेग ताशी ३२४ किलोमीटर.

या आकड्याचे मोल कळायला शेजारचे विमान पाहावे. कालिनिन यांचे के-५ हे तेव्हा सोव्हिएत हवाई मार्गांवरचे नेहमीचे विमान. तेच एम-२२ इंजिन लावलेले के-५ थोडे जास्त प्रवासी नेत असे, पण त्याचा वेग ताशी दोनशेच्या आसपास. इंजिन एकच असताना वेगात शंभरावर किलोमीटरचा फरक कुठून आला? हवेचा अडथळा कमी केल्याने. के-५ चा पंख वर होता आणि त्याला खालून तिरके टेकू होते. खाई-१ मध्ये पंख खाली घेतला, टेकू काढून टाकले, अंग गुळगुळीत केले, आणि उड्डाणानंतर चाके पंखात ओढून घेण्याची सोय केली. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो. त्यामुळे खाली लटकणारी चाके सावकाश जाणाऱ्या विमानाला फारशी जाचत नाहीत, पण तीनशेच्या वेगाला तीच चाके इंजिनाची बरीच ताकद खाऊन टाकतात. युरोपात तेव्हा चाके आत घेणारी विमाने बोटांवर मोजण्याइतकीच होती. अशा विमानाचे आराखडे पदवी न मिळालेल्या मुलांनी काढावेत, आणि ते विमान नमुन्यापुरते न राहता चाळीसच्या वर संख्येने बांधले जाऊन एअरोफ्लोटच्या मार्गांवर धावावे, याचे मला मनापासून कौतुक वाटते. याच रचनेतून पुढे आर-१० हे टेहळणी विमान निघाले आणि त्याची सुमारे पाचशे विमाने सैन्यात गेली.

खाई-१ यशस्वी झाल्यावर मुलांनी अवघड प्रश्नांना हात घातला. १९३६ चे खाई-३ हे त्यातले माझ्या विशेष आवडीचे. नेहमीच्या विमानात प्रवासी आणि सामान मधल्या धडात असते, उचलणारे बळ मात्र दोन्ही पंखांच्या लांबीभर पसरलेले असते. भार मधोमध आणि उचल दोन्ही कडांना, त्यामुळे पंख धडाला जिथे जोडतो तिथे वाकण्याचा ताण सर्वांत जास्त. तो ताण सोसायला पंखाचे मूळ जाड आणि जड करावे लागते. अलेक्सांद्र लाझारेव यांच्या गटाने विचार केला, माणसेच पंखात पसरून बसवली तर? भार जिथे, तिथेच उचल. मग पंख हलका करता येईल. खाई-३ ला नेहमीची शेपटी नव्हती. रुंद पंखाच्या मधल्या जाड भागात वैमानिकासह बारा जण बसत, आणि त्यांना उचलायला होते एम-११ हे अवघे १०० अश्वशक्तीचे इंजिन. याच इंजिनावर सोव्हिएत संघाचे प्रसिद्ध यू-२ शिकाऊ विमान उडत असे, आणि ते वैमानिक व शिकाऊ असे दोघांना नेई. दोघांच्या इंजिनावर बारा जण! खाई-३ कारखान्यात कधी गेले नाही. बारा जणांना पंखाच्या उघड्या-झाकल्या खोबणीत बसवणे सोयीचे नव्हतेच. पण कल्पना खोटी नाही हे उड्डाणांनी दाखवले.

त्याआधीचे १९३४ चे खाई-४ मात्र फसले. तेही बिनशेपटीचे. विमानाला शेपटी का लागते हे आपल्याकडच्या बंडीवरून चटकन कळेल. धानाची पोती बंडीत मागे जास्त लादली की बंडी उलार होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचा ताबा सुटतो. विमानातही वजनाचा मध्य उचलीच्या मध्यामागे गेला की नाक आपोआप वर जाऊ लागते, आणि एकदा वर गेले की आणखी वर जाते. शेपटीचा आडवा पंख लांब दांड्याच्या टोकाला असतो, म्हणून थोड्याशा बळाने तो हा तोल सावरतो. शेपटी काढली की तिचे वजन आणि अडथळा वाचतो, पण तोल सांभाळायचे काम मुख्य पंखाच्या मागच्या कडेला करावे लागते. तिथला दांडा आखूड, म्हणून पकड कमी. कुद्रिन यांनीच खाई-४ उडवून पाहिले. विमान हाताळायला अवघड निघाले आणि थोड्याच उड्डाणांनंतर काम थांबले. दोनच वर्षांनी त्याच संस्थेने पुन्हा बिनशेपटीचे खाई-३ बांधले, हे मला फार बोलके वाटते. आधीच्या बॅचचे अपयश पुढच्या बॅचने टाकून न देता वापरले.

मॉस्कोच्या संस्थेत त्याच सुमारास, १९३४ मध्ये, एमाई-१ नावाचे विमान मॅग्नेशियमच्या मिश्रधातूपासून बनवले गेले. मॅग्नेशियमची घनता १.७४, अॅल्युमिनियमची २.७, म्हणजे वजनात तिसरा हिस्सा बचत. पण हा धातू लवकर गंजतो आणि पेटला तर विझवणे कठीण. ते विमान उडाले, तरी आख्खे विमान मॅग्नेशियमचे करण्याची वाट पुढे रुळली नाही.

या सगळ्या हकिकतीला एक काळी बाजू आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. १९३८ मध्ये कालिनिन यांना अटक करून गोळी घालण्यात आली. त्याच वर्षाच्या अखेरीस नेमन यांना अटक झाली. तुपोलेवही तेव्हा कैदेत होते. कैदेतल्या अभियंत्यांकडून विमानांचे आराखडे काढून घेणाऱ्या विभागात नेमन यांनी तुपोलेव यांच्या हाताखाली काम केले, १९४१ मध्ये सुटले, पुन्हा खारकोवच्या संस्थेत शिकवायला गेले, आणि १९५२ मध्ये त्यांचे निधन झाले. विद्यार्थ्यांवर विश्वास टाकून त्यांना विमान बांधू देणारी राजवट त्यांच्या गुरूंना रातोरात उचलून नेत होती. त्या व्यवस्थेचे गोडवे गायला मी हे लिहीत नाही. शिकवण्याची ती पद्धत तिच्या राजवटीहून चांगली होती, एवढे मात्र माझे ठाम मत आहे.

युद्धानंतर मोठी विमाने मोठ्या कारखान्यांकडे गेली आणि विद्यार्थ्यांच्या विभागांकडे ग्लायडर, हलकी विमाने व प्रयोग उरले. कझानमध्ये सिमोनोव यांच्या नेतृत्वाखाली काई-१४ आणि काई-१९ हे पूर्ण धातूचे ग्लायडर निघाले. तेव्हा ग्लायडर बहुधा लाकडाचेच असत. ग्लायडरला इंजिन नसते, म्हणून त्याच्या रचनाकाराला चूक झाकायला जागा नाही. पंखावरचा एखादा उंचवटा, सांध्यातली एखादी फट, सगळे उड्डाणाच्या लांबीत दिसते. काई-१४ ला शेपटीवर नेहमीचे तीन पंख नसून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे दोनच तिरके पंख होते. एका पंखाचा आणि त्याच्या सांध्यांचा अडथळा वाचला, पण त्या दोन पंखांनी नाक वर-खाली आणि डावे-उजवे, दोन्ही कामे करायची म्हणून आतल्या दांड्यांची जोडणी किचकट झाली.

हेच सिमोनोव १९७० मध्ये सुखोई विभागात गेले. सुखोई-२७ चा पहिला नमुना २० मे १९७७ रोजी उडाला, पण तो अमेरिकेच्या एफ-१५ ला पुरा पडणार नाही असे हिशेब सांगू लागले. उडालेले विमान बाजूला ठेवून पंखासकट जवळजवळ सगळे नव्याने काढावे, असा आग्रह सिमोनोव यांनी धरला आणि तो शेवटास नेला. नवे रूप २० एप्रिल १९८१ रोजी उडाले. त्या विमानात वजनाचा मध्य मुद्दामच थोडा मागे ठेवलेला आहे, म्हणजे बंडी जाणूनबुजून उलार केलेली, आणि दर क्षणाला तोल सावरायचे काम विजेवर चालणाऱ्या नियंत्रणाकडे दिलेले. त्यामुळे विमान चपळ होते. खारकोवच्या मुलांनी १९३४ मध्ये ज्या प्रश्नाशी झुंज घेतली, त्याला असे इलेक्ट्रॉनिक उत्तर मिळाले. त्याच वंशातली २०० हून अधिक सुखोई-३० एमकेआय ओझरला जोडली गेली.

आता आपल्याकडे पाहू. विमान रचनेत मराठी माणूस मागे होता असे मुळीच नाही. कोल्हापूर भागातल्या हसूरचे विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीत गटिंगनला लुडविग प्रांट्ल यांच्याकडे डॉक्टरेट केली. पंखाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचा सिद्धान्त ज्यांनी मांडला ते हे प्रांट्ल. घाटगे परत आले, बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये रुजू झाले, भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये सुरू झालेल्या विमान अभियांत्रिकी विभागाची धुरा त्यांनी सांभाळली, आणि १९५१ मध्ये उडालेले एचटी-२ हे स्वतंत्र भारताचे शिकाऊ विमान त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले. पुष्पक, कृषक आणि किरण ही विमानेही त्यांच्याच कारकिर्दीतली. पण घाटग्यांच्या पिढीनंतर ओझरसारख्या मोठ्या कारखान्यात आराखडे बाहेरून येत राहिले. ओझरच्या कामगारांनी ते उत्तम रीतीने उतरवले. त्यांच्या हातात कसब होते. ‘हा सांधा असाच का?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र मॉस्कोत होते.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी स्वतः काढून, स्वतः बांधून वर पाठवलेल्या गोष्टी आहेत, फक्त त्या विमाने नाहीत. पुण्याच्या सीओईपीच्या मुलांचा ‘स्वयम्’ हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला. दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वजन किलोभराच्या आत. अवकाशात गेलेला उपग्रह गोल गोल भिरभिरत राहतो आणि त्याचा अँटेना पृथ्वीकडे वळवायला बहुधा मोटर किंवा वीज लागते. पुण्याच्या मुलांनी वीज न वापरता आत चुंबक बसवला. होकायंत्राची सुई जशी वळते, तसा आख्खा उपग्रह पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळून घेतो, आणि सोबत लावलेल्या खास धातूच्या काड्या त्याचे हेलकावे हळूहळू जिरवतात. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मुंबईच्या आयआयटीच्या विद्यार्थ्यांचा सुमारे दहा किलोचा ‘प्रथम’ गेला. त्याचे काम २००७ पासून चालले होते.

ही वर्षे मोजून पाहा. पदवी चार वर्षांची आणि उपग्रहाला लागली नऊ. ज्यांनी पहिली रेघ ओढली ते प्रक्षेपणाच्या वेळी नोकरीत स्थिरावलेले होते. विद्यार्थ्यांच्या कुठल्याही रचना विभागाची हीच खरी अडचण असते. माणसे दरवर्षी निघून जातात. म्हणून प्रत्येक बॅचने आपल्या चुका नीट लिहून ठेवाव्या लागतात आणि मधे एखादा शिक्षक न हलता टिकावा लागतो. खारकोवला तो नेमन यांच्या रूपाने होता, अटक होईपर्यंत.

विमानाच्या बाबतीत आपल्याकडे आणखी एक अडचण आहे ती परवानगीची. मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर वैमानिक अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिले, पण नोंदणी मिळायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. माणूस बसणाऱ्या यंत्राला नियम कडक हवेतच. पण शिकाऊ मुलांच्या प्रयोगासाठी वेगळी, सोपी आणि देखरेखीखालची वाट असायला हवी. सोव्हिएत संस्थांना ती होती. चाचणीला कुद्रिन यांच्यासारखा मुरलेला वैमानिक मिळत असे आणि मुलांना स्वतः जीव धोक्यात घालावा लागत नसे.

आमच्या भागाकडे यासाठी काय आहे? बिरसीची धावपट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती झाली तेव्हा तो मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला आणि बिरसी तिकडे गेली. तिथे आज वैमानिक घडवणारी संस्था चालते आणि शिकाऊ विमाने उडतात. भंडाऱ्याहून साठ किलोमीटरवर नागपूरच्या मिहानमध्ये विमान दुरुस्ती तळ आहे, आणि बोइंग ७८७ च्या फरशीखालचे आधार टाटांच्या टाल कंपनीने तिथेच बनवले. वरठीला खास पोलाद तयार होते. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांमागे धातू ठोकून पातळ आणि एकसारखा करणारे हात पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत. चालवायला शिकवणारे आहेत, दुरुस्त करणारे आहेत, सुटे भाग बनवणारे आहेत. आराखड्यापासून उड्डाणापर्यंत एकच वस्तू नेणारे शिक्षण तेवढे नाही.

सुरुवात विमानापासून करायचीही गरज नाही. अँतोनोव, कोरोल्योव, सिमोनोव, तिघांचीही वाट ग्लायडरवरून गेली. माणूस न बसवता, आठ-दहा फूट पंखाचा, रेडिओवर चालणारा ग्लायडर आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या मुलांना एका वर्षात बांधता येईल. बांबू, बाल्सा, काचतंतू आणि रेझिन एवढ्यात काम होते. पंखाचा आकार कागदावर काढायचा, वजनाचा मध्य आधी गणिताने आणि मग दोन बोटांवर तोलून ठरवायचा, उडवायचा, आपटला तर का आपटला ते वहीत लिहायचे आणि ती वही पुढच्या बॅचच्या हाती द्यायची. तिसऱ्या-चौथ्या बॅचपर्यंत वही बऱ्यापैकी जाड झालेली असेल. तेव्हा पुण्याच्या हडपसरला, जिथे माणसे बसणारे ग्लायडर दशकानुदशके उडत आले आहेत, तिथल्या जाणत्यांना बोलावून ती दाखवावी आणि माणूस बसेल असा पहिला लाकडी ग्लायडर कुणाच्या देखरेखीखाली बांधायचा ते विचारावे.

ओझरलाही आता वेगळे काही घडते आहे. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, मिग-२१ निवृत्त झाल्यावर तीन आठवड्यांनी, नाशिकला बांधलेले पहिले तेजस एमके-१ए तिथल्याच धावपट्टीवरून उडाले. त्याचा आराखडा भारतात काढलेला आहे. त्याच्या पुढच्या विमानाचे आराखडे जे काढतील ते आज बहुधा शाळेत आहेत, आणि त्यातले काही तुमसर, पवनी, लाखांदूरचे असायला कुठलीच हरकत नाही.